फ्लीअर कंपनी
फ्लीअर कंपनी : अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे फ्रँक हेन्री फ्लीअर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापिलेली च्युइंगगमची पेढी. 1928 मध्ये तिचे हिशेबनीस वॉल्टर डीमर यांनी, मूळ कामाशी काडीचा संबंध नसता, फुगे निघणारा ‘डबल बबल’ सिद्ध केला. हाताशी तेवढा एकच रंग असल्याने तो गुलाबी झाला. पाकिटांतून बेसबॉलपटूंची चित्रपत्रे विकण्याच्या धंद्यात मात्र टॉप्स कंपनीने खेळाडूंशी आगाऊ करारनामे करून अशी मक्तेदारी बसविली होती की, 1959 मध्ये फ्लीअरला एकट्या टेड विल्यम्स यांच्यावर 80 पत्रांचा संच काढावा लागला, आणि 1963 मध्ये विद्यमान खेळाडूंची पत्रे काढताना, टॉप्सचा गमविषयक हक्क चुकविण्यासाठी, गमऐवजी बिस्किट घालावे लागले. युक्ती नामी खरी, पण ती एका संचापुढे गेली नाही. फ्लीअरने टॉप्सविरुद्ध 1975 मध्ये गुदरलेल्या दाव्याचा निकाल 1980 मध्ये फ्लीअरच्या बाजूने लागला, परंतु तीनच डॉलर भरपाई देणारा तो निकाल अपिलात फिरला. तोवर 1981 ची पत्रे बाजारात आलेली होती, आणि पुढे गमच्या जागी संघांच्या बोधचिन्हांची स्टिकरे घालून कंपनीने धंदा राखला. तिचे 1986 चे मायकेल जॉर्डन यांचे बास्केटबॉलपत्र संग्राहकांना विशेष मोलाचे वाटते. 2005 मध्ये कंपनीचे व्यवहार थांबले व नाममुद्रा अपर डेक या कंपनीकडे गेली.