चूल गेली, हंडा राहिला

कढईतले तेल पेटले की हात पाण्याकडे जातो आणि लोक त्याला अडाणीपणा म्हणतात. हा आरोप अन्यायाचा आहे. कळवण तालुक्यातल्या पाड्यांवर कुडामातीच्या भिंती आणि गवती छपरे होती. आग लागायची ती छपराला, गंजीला, सरपणाला, आणि तिथे पाणी हाच खरा उपाय होता. कढईभर तेल पेटण्याचा प्रसंग क्वचितच. खुरासणीचे, शेंगदाण्याचे तेल घाण्यावरून मापून यायचे आणि फोडणीपुरते पळीने पडायचे, पुऱ्या-करंज्या सणावारी. शिवाय चुलीला सतत माणूस लागतो. लाकूड पुढे सारले नाही तर जाळ आपोआप बसतो, म्हणजे कढई विसरली तरी तेल तापत राहत नाही.

ही घडी स्वस्त तेलाने आणि गॅसने मोडली. १९३७ साली आलेल्या डालडाने शहरात तळण वाढवले, पुढे रेशनच्या पामतेलाने ते खेड्यात नेले. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सिलिंडर पाड्यांवरही दिसू लागला. गॅसची ज्योत मात्र कोणी पाहत नसले तरी तशीच जळते. शेंगदाण्याचे रिफाइंड तेल २३० अंश सेल्सिअसच्या आसपास धुरू लागते आणि साडेतीनशेच्या पुढे ठिणगीवाचूनही पेट घेते. त्यावर तांब्याभर पाणी पडले की ते जड म्हणून तेलाखाली जाते, क्षणात वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते.

मग चूलच बरी होती का? मुळीच नाही, तिने पदर पेटवले, धुराने डोळे आणि फुप्फुसे खराब केली. पण जाळ जास्त झाला की लाकूड मागे ओढायचे आणि वर झाकण टाकायचे, ही तिची रीत गॅसवरही लागू पडते: बटण बंद, आणि कढईपेक्षा मोठे ताट आपल्या बाजूने पुढे सरकवत वर ठेवायचे. कढई उचलायची नाही. ती पुरती गार होईपर्यंत ताटही काढायचे नाही, कारण हवा लागताच तापलेले तेल पुन्हा पेटते. यावर कोणी म्हणेल, ओले पोते टाकायला तर शिकवतात. ते पेटलेल्या सिलिंडरसाठी. कढईत त्याचे पाणी निथळले तर वर सांगितलेलाच प्रकार होतो. भजी तळताना बेसन हाताशी असते, पण पीठ स्वतःच जळते. आणि आग कढईबाहेर गेली असेल तर ताटाचा नाद सोडून बाहेर पडावे, १०१ लावावा.

खरी अडचण घरात नाही, चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंग गडाच्या वाटेवर लागणाऱ्या भज्यांच्या गाड्यांवर आहे. तिथली कढई एवढी पसरट की कुठलेच ताट पुरत नाही. मापाचा पत्रा कापून त्याला लांब दांडी लावून घ्यावी लागते, आणि तो गाड्याखाली सामानात गाडून ठेवण्याऐवजी हात पोचेल असा टांगावा लागतो.