हेपॅटायटिस-सी विषाणूचे कोशिकासंवर्धन

मानवी यकृतात वर्षानुवर्षे ठाण मांडून यकृताचा सूत्रण रोग व कर्करोग यांस कारणीभूत होणाऱ्या विषाणूची प्रयोगशाळेतील कोशिकांत वाढ करण्याची प्रक्रिया. मायकेल हाउटन व त्यांचे सहकारी यांनी १९८९ मध्ये हा विषाणू ओळखला, तो काचपात्रात वाढवून नव्हे, तर बाधित चिंपँझीच्या रक्तद्रवातून मिळविलेल्या जनुकखंडावरून. आणि त्यायोगे रक्ततपासणीची सोय लवकरच झाली, तरी संवर्धित कोशिकांत हा विषाणू टिकाव धरीत नसल्यामुळे औषधांची पारख करण्याचे साधन दीर्घकाळ हाती आले नाही. चार्ल्स राइस यांनी १९९७ मध्ये त्याच्या सुमारे ९,६०० न्यूक्लिओटाइडांच्या आरएनएची संपूर्ण प्रत चिंपँझीच्या यकृतात टोचून तीपासून संसर्ग होतो हे सिद्ध केले. कोशिकांत मात्र अशी प्रत निष्क्रियच राही.

ही कोंडी १९९९ मध्ये जर्मनीतील माइन्त्स येथे फोल्कर लोमान व राल्फ बार्टेनश्लागर यांनी फोडली. विषाणूकण घडविणारी जनुके वगळून त्यांच्या जागी निओमायसीन-प्रतिरोधाचे जनुक बसविलेला आरएनए त्यांनी, एका जपानी रुग्णाच्या यकृतार्बुदापासून चालत आलेल्या ह्यूह-७ या कोशिकावंशात सोडला व संवर्धनद्रवात जी-४१८ हे प्रतिजैविक मिसळले. तेव्हा ज्यांत आरएनएची पुनरावृत्ती चालू होती त्याच कोशिकांना जगण्याची मुभा मिळाली, बाकीच्या मरून गळाल्या, आणि पात्राच्या तळाशी मोजक्या वसाहती तेवढ्या शिल्लक राहिल्या. अशा स्वयंपुनरावर्ती रेणूस रेप्लिकॉन म्हणतात. त्यात आढळलेली काही उत्परिवर्तने कोशिकांतील वाढीस उपकारक असली, तरी पूर्ण विषाणूत घातली असता ती चिंपँझीतील संसर्गास मारक ठरली.

ताकाजी वाकिता यांना अतितीव्र यकृतशोथाच्या एका जपानी रुग्णापासून लाभलेला जेएफएच-१ हा प्रकार मात्र अशा उत्परिवर्तनांवाचूनच वाढू लागला, आणि त्याच्या आधारे २००५ मध्ये वाकितांसह तीन संशोधनगटांनी, कोशिकांत शिरणारा, वाढणारा व पुन्हा संक्रामक कण बाहेर टाकणारा पूर्ण विषाणू प्रयोगशाळेत सिद्ध केला.

डॅक्लाटासवीर या औषधाचा उगम रेप्लिकॉनवर केलेल्या रसायनांच्या चाचणीत आहे. अशा औषधांच्या संयोगाने बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत रोगमुक्त होतात. राइस यांना २०२० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक हार्वी ऑल्टर व हाउटन यांच्यासमवेत मिळाले. रुग्णांच्या रक्तातील विषाणू संवर्धनात सहजी वाढत नाहीत, ही अडचण एसईसी१४एल२ या प्रथिनाच्या साहाय्याने काही अंशी दूर करता येते, असे २०१५ मध्ये आढळले. या रोगावरील लस मात्र अद्याप सिद्ध झालेली नाही.