बंगळूरचा मधला मुक्काम

परदेशी जाताना अथवा परतताना विमान बदलण्यासाठी आठ-दहा तास एखाद्या गावी खोळंबून राहणे, हा नोकरीनिमित्त दूर राहणाऱ्या मराठी माणसाच्या आयुष्यातील आता नित्याचा प्रसंग झाला आहे. हा वेळ बहुधा कॉफीच्या पेल्यात, चाळलेल्याच वर्तमानपत्रात आणि खुर्चीवरील अर्धवट झोपेत सरतो. परंतु हा मधला थांबा बंगळूरचा असेल, तर तो असा दवडणे आम्हांस उधळपट्टीचे वाटते. मराठ्यांच्या इतिहासातील एक मोठे बदलीचे गाव तेथून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे.

‘बदलीचे गाव’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजिला आहे. इ. स. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि तिच्यासाठी अखेरपर्यंत झुंजलेले शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत शिरले. पुढे रणदुल्लाखानाबरोबर त्यांची नेमणूक कर्नाटकाच्या मोहिमेवर झाली. पहिल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले बंगळूर विजापूरकरांनी १६३८ मध्ये तिसऱ्या केंपेगौडाकडून घेतले. केंपेगौडा मागडीस गेला आणि बंगळूर राजांस जहागीर मिळाले. पुणे-सुपे मागे राहिले, आणि राजांचे पुढील आयुष्य बहुतेक याच मुलखात गेले. १६६४ च्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून त्यांचा अंत झाला. त्यांची समाधीही तेथेच आहे.

परमुलखात नेमलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. परतीचे दिवस मोजीत राहावे, किंवा जेथे आलो तेथे बिऱ्हाड मनापासून मांडावे. राजांनी दुसरी वाट धरिली. बारा भाषांत रचना करणारा जयराम पिंड्ये त्यांच्या पदरी होता. त्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त या बहुभाषी दरबाराचे चित्र आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ मध्ये तो ग्रंथ दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, तेव्हा कोठे शहाजीराजांची ही बाजू मराठी वाचकांस नीट दिसली. बाल शिवाजीराजेही याच बंगळुरी पित्याजवळ काही काळ राहिले. येथून पुण्यास पाठविले गेले तेव्हा त्यांचे वय बारा वर्षांचे होते, असे सभासद लिहितो. राजधानीचे शहर, दरबार आणि जहागिरीचा कारभार त्या वयात त्यांनी पाहिला तो येथे.

आता प्रवाशाने काय पाहावे ते सांगतो. प्रथम घड्याळाचा हिशेब. परदेशच्या विमानासाठी तीन तास आधी परत यावयाचे, आणि उतरल्यावर पारपत्राच्या तपासणीस तास-दीड तास धरावयाचा. उरेल तो वेळ आपला. सामान पुढच्या विमानात परस्पर जाणार की नाही, हे आधीच विचारून घ्यावे.

हाती दोन-तीन तासच असतील तर शहराकडे वळू नये. विमानतळाशेजारीच देवनहळ्ळीचा किल्ला आहे. १५०१ मध्ये मल्लभैरेगौडाने बांधिलेला हा मातीचा कोट पुढे दगडी झाला. टिपूचा जन्म या गावचा. किल्ल्याजवळ त्याची खूण म्हणून एक लहानसा मंडप आहे. १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसने हा किल्ला घेतला. त्याच वर्षी हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या साह्यास येऊन मिळाल्या होत्या.

पाच-सहा तास मोकळे असतील तर भाड्याची मोटार करून मल्लेश्वरम् गाठावे. वाटेवरील गर्दीसाठी तासभर अधिक राखून ठेवावा, आणि दक्षिणेतील देवळे दुपारी बंद असतात हे ध्यानी असू द्यावे. शहरात राजांचा वाडा शोधू जाल तर निराश व्हाल. ते राहिले त्या काळचा कोट मातीचा होता. आज दिल्ली दरवाजापाशी दिसतो तो दगडी अवशेष हैदराच्या काळचा आहे. मात्र मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वराच्या देवळाजवळ १६६९ चा एक शिलालेख आहे. राजांचे पुत्र एकोजी, म्हणजे आपले व्यंकोजीराजे, यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव मल्लपूरच्या देवास दिल्याचे त्यात नोंदले आहे. लेख कानडी आहे. आणि बंगळूरच्या महानाडाने, म्हणजे तेथील लोकसभेने, विनंती केली म्हणून हे दान दिले, असे तो सांगतो.

आमच्या मते या प्रवासात पाहण्याजोगी वस्तू हीच. वेरूळच्या भोसल्यांचा वंशज कानडी मुलखात स्थानिकांचे म्हणणे ऐकतो, त्यांच्या देवास गाव देतो आणि त्याची नोंद त्यांच्याच भाषेत होते. जहागिरीचे पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. व्यंकोजीराजे तंजावरास स्थिरावले, आणि १६८७ मध्ये मोगलांच्या हातून जाऊन बंगळूर तीन लाख रुपयांच्या सौद्याने म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. वाडा गेला, दरबार पांगला, अंमल विकला गेला. साडेतीनशे वर्षांनंतर त्या नेमणुकीचे जे थोडे शहरात उरले आहे, ते तेथील लोकांच्या मागणीवरून केलेल्या कामाची चार ओळींची नोंद होय.

आम्ही सारेच आज ना उद्या बदलून जाणारे. आमच्या फायली निकालात निघतील, बंगल्यांत दुसरी बिऱ्हाडे येतील. पुढच्या विमानाची घोषणा होईपर्यंतचे तास त्या शिळेपाशी घालविले, तर पुढल्या गावी काय करावयाचे याचा विचार करावयास निवांत वेळ मिळतो. मोटारीचे भाडे त्या मानाने फार नाही.