स्वबल आणि ईश्वरबल

ईश्वराच्या बळावर विसंबणें म्हणजे स्वस्थ बसणें, असा समज पुष्कळदां आढळतो. पंडिता रमाबाईंचें चरित्र त्यास उत्तर देतें. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढें त्यांच्या शारदासदनास अमेरिकेंतील मंडळानें १० वर्षें साहाय्याचें वचन दिलें. ती मुदत संपत आली असतां, १८९६-९७ च्या दुष्काळांत, त्यांनीं मध्यप्रांतांतून सुमारें ३०० मुली व स्त्रिया आणल्या. इतक्या जणींस पोसण्याचें सामर्थ्य आपल्या अंगीं नाहीं, हें त्या जाणून होत्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनीं कोणाकडे द्रव्य न मागतां प्रार्थनेच्या आधारें अनाथालयें चालविलीं, हें त्यांनीं वाचलें होतें. केडगांवीं त्यांनीं प्रार्थना केली आणि विहिरीही खणविल्या. हात कामांत राहिले. यशाचें श्रेय मात्र त्यांनीं देवाकडेच ठेवलें.