बांधकाम सांधे, काँक्रीटचे

काँक्रीटचा एक भाग ओतून तो घट्ट झाल्यावर त्याला लागून पुढचा भाग ओतला असता दोहोंमध्ये जी सीमा राहते, तिला बांधकाम सांधा म्हणतात. ओतणे मध्येच खंडित होऊन नकळत पडणाऱ्या सांध्यास शीत सांधा अशी संज्ञा आहे.

फ्रान्स्वा एनबीक यांनी १८९२ मध्ये प्रबलित काँक्रीटच्या पद्धतीचे एकस्व घेतले आणि स्तंभ, तुळया व स्लॅब मिळून एकसंध सांगाडा ही कल्पना रूढ होत गेली. तथापि इमारत एका दिवसात ओतता येत नाही. आराखड्यात सांध्याची जागा दाखविलेली नसे, तेथे ती कामाची सुटी ठरवी.

सांधा हा दोष न मानता रचनेचाच भाग मानल्याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील हूव्हर धरण. सु. २२१ मी. उंचीच्या या धरणात ६ जून १९३३ रोजी पहिले काँक्रीट ओतण्यात आले. सिमेंट व पाणी यांच्या विक्रियेतील उष्णता एवढ्या राशीतून आपोआप निघून जाण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली असती, आणि निवताना धरण वाटेल तेथे तडकले असते. म्हणून ते परस्परांत गुंतणाऱ्या खाचांच्या स्तंभाकार ठोकळ्यांत, एका वेळी सु. दीड मी. जाडीच्या थरांनी उभारले. पोलादी नळ्यांतून थंड पाणी खेळवून ठोकळे निवविल्यावर त्यांच्यामधील फटी पातळ सिमेंटमिश्रणाने दाबाखाली भरल्या. कामगार या काँक्रीटमध्ये गाडले गेल्याची दंतकथा पातळ थरांच्या या पद्धतीमुळेच अविश्वसनीय ठरते.

इमारतीत सांधा येतो तो दिवस मावळतो, मिश्रणयंत्र बिघडते किंवा पाऊस येतो म्हणून. त्यामुळे तेथे हयगयही अधिक. कर्तन प्रेरणा अल्प असते अशा जागी, म्हणजे सामान्यतः तुळईच्या वा स्लॅबच्या गाळ्याच्या मध्याजवळ, उभी फळी लावून तो घेतात. सळया मात्र अखंड ठेवतात. घमेल्यांनी माल टाकताना फळीवाचून उतरता सोडलेला कडेचा भाग कमकुवत राहतो. भारतीय मानक ब्यूरोच्या ४५६ क्रमांकाच्या संहितेच्या २००० मधील आवृत्तीने सांध्यांची जागा अभिकल्पकाने दाखवावी, प्रारंभिक घट्टपणा येताच वर जमलेली सिमेंटची दुबळी साय तारेच्या ब्रशाने काढावी आणि नवे काँक्रीट ओतताना पृष्ठभाग आत ओला पण वर कोरडा असावा, असे सांगितले. ही तपासणी नवे काँक्रीट पडण्यापूर्वीच करता येते. नंतर संशय आल्यास सांध्यातून दंडगोलाकार नमुना कापून काढावा लागतो.