विद्येचीं साधनें आणि विद्येचे श्रम

निफाड तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं सायखेडा हें गांव आहे. पलीकडच्या तीरावर चांदोरी, मध्यें पूल. वरच्या अंगास गंगापूर व दारणा हीं धरणें, खालच्या अंगास नांदूरमध्यमेश्वराचा बंधारा. वर पाऊस फार झाला व धरणांचें पाणी सोडलें कीं या दोन गांवांस त्याची झळ आधीं लागते. ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ या दोन्ही वेळीं गोदावरी येथें घरादारांत शिरली होती. या बाजूच्या आमच्या एका शिक्षकमित्रानें आपल्या वर्गास ‘आमच्या गांवचा पूर’ या विषयावर घरून निबंध लिहून आणण्यास सांगितलें. वह्या आल्या त्या सुवाच्य व शुद्ध होत्या. परंतु त्यांतील कित्येकींत पूर एकाच चालीनें आला आणि एकाच चालीनें ओसरला. निसर्गाचा कोप होता, मानवाची अगतिकता होती, शेवटीं पर्यावरणाचा उपदेश होता. पूल नव्हता, चांदोरी नव्हती, कांद्याची चाळ नव्हती, भिंतीवरची चिखलाची रेघही नव्हती. ज्या मुलांनीं सातआठ वर्षांचीं असतांना तो पूर डोळ्यांनीं पाहिला, त्यांनीं तो लिहिला नाहीं. ज्यानें कधीं पाणी पाहिलें नाहीं अशा यंत्राकडून तो लिहवून घेतला.

मित्रानें आम्हांस विचारिलें, “यांत मुलांचें काय गेलें? निबंध तर पूर्वीपेक्षां चांगले आहेत.” या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देण्यासारखें नाहीं; तें शोधावयास थोडें मागें गेलें पाहिजे. विद्येचें प्रत्येक नवें साधन विद्यार्थ्याचे कांहीं श्रम आपल्या शिरावर घेतें. त्या श्रमांत कांहीं भुसा असतो, कांहीं दाणा असतो. साधन भलें कीं बुरें असा वाद घालण्यापेक्षां त्यानें भुसा नेला कीं दाणा नेला, हें तपासणें अधिक उपयोगाचें. गेल्या दोनशें वर्षांत महाराष्ट्रांत अशी उलाढाल निदान तीनदां झाली आहे. चौथी आपल्या डोळ्यांदेखत चालली आहे.

पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनीं येथल्या शाळांची चौकशी केली. गव्हर्नरांच्या कौन्सिलाचे सभासद प्रेंडरगास्ट यांनीं १८२१ सालीं लिहून ठेविलें कीं, जेथें एकही शाळा नाहीं असें गांव विरळाच. हें म्हणणें थोडें सढळ असावें. कारण १८२९ च्या मोजणींत मुंबई इलाख्याच्या सुमारें सत्तेचाळीस लाख वस्तींत १,७०५ शाळा व ३५,१४३ विद्यार्थीच भरले. या शाळांत छापील पुस्तक नव्हतें. पंतोजी सांगे, मोठीं मुलें धाकट्यांस घोकवीत, धुळपाटीवर अक्षर वळवीत, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी यांची उजळणी सायंकाळीं एका सुरांत चाले. सोळा आण्यांचा रुपया व चाळीस शेरांचा मण ज्या बाजारांत चालतो, तेथें साडेतीन पटींचा पाढा तोंडपाठ असणें ही चैन नव्हे, उपजीविका होय. या शिक्षणांत दोष उघड होते. अर्थ न कळतां घोकंपट्टी होई, छडी फार चाले, आणि मुली व अस्पृश्य मानिलेल्या जातींचीं मुलें यांस त्या ओसरीवर जागा नव्हती. परंतु एक गुण मान्य केला पाहिजे. मुलास काय येतें व काय येत नाहीं, हें तेथें लपत नसे. तें उभें राहून म्हणे, आणि सर्व ओसरी ऐके.

पहिली उलाढाल मुद्रणानें केली. १८२२ सालीं मुंबईंत शाळा व शाळापुस्तकें यांसाठीं मंडळी स्थापन झाली. तिच्या वतीनें कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं मराठींत गणिताचे ग्रंथ सिद्ध केले. १८३२ सालीं ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर याच मंडळीच्या शाळेंत शिकले होते. पुस्तक हातीं आल्यावर पाठांतराचें ओझें हलकें झालें. त्या काळच्या वृद्धांनीं स्मरणशक्ति गेली म्हणून हळहळ केली असेल, तर ती अगदींच निराधार नव्हती. पण जें ज्ञान मुखांतून मुखांत जात होतें, त्याच्या दारावर पहारेकरी होते. पुस्तकास तो पहारा पुरा घालतां येईना. १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढिली, तेव्हां छापील पुस्तक त्यांच्या बाजूस होतें. शिवाय पुस्तक वाचावेंच लागे. त्यानें धरून ठेवण्याचे श्रम घेतले, समजून घेण्याचे घेतले नाहींत. येथें भुसा गेला आणि दाणा बहुतेक राहिला.

दुसरी उलाढाल मात्र निराळी होती, आणि तिची गोष्ट सांगतांना निफाडचें नांव पुन्हां येतें. १८४२ सालीं निफाडास जन्मलेले महादेव गोविंद रानडे हे मुंबई युनिव्हर्सिटीच्या १८५९ सालच्या पहिल्याच मॅट्रिक परीक्षेंत उत्तीर्ण झाले. त्या पिढीच्या हातीं परीक्षा हें विद्येचें एक फळ होतें. पुढें सरकारी नोकरीचें दार परीक्षेंतूनच उघडूं लागलें, तेव्हां तेंच फळ मूळ होऊन बसलें. मग बाजारांत ‘किल्ल्या’ आल्या. नेमलेल्या पुस्तकाचा सारांश, कठीण शब्दांचे अर्थ, संभाव्य प्रश्न व त्यांचीं तयार उत्तरें, असा सर्व सरंजाम या चोपड्यांत असे. १९०२ च्या युनिव्हर्सिटी कमिशननें हिंदुस्थानांतील उच्च शिक्षणाचा सर्वांत मोठा दोष सांगितला तो हाच कीं, परीक्षा शिकविण्याच्या सेवेंत नसून शिकविणेंच परीक्षेच्या सेवेंत आहे. किल्लीचें पुढें गाईड झालें, गाईडाचा अपेक्षित प्रश्नसंच झाला. वंश खुंटला नाहीं. किल्लीनें प्रथमच दाणा नेला, कारण ग्रंथ न वाचतां ग्रंथावर उत्तर लिहिण्याची सोय तिनें केली. तरी दोष सर्वस्वीं किल्लीचा नव्हे. जी परीक्षा तयार उत्तर मागते, तीच तयार उत्तर विकणारास दुकान मांडून देते.

तिसरी उलाढाल गाजावाजा न होतां झाली. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. मागोमाग शेर जाऊन किलो आला. औटकीचें काम संपलें, आणि पुढें गणनयंत्र खिशांत आल्यावर साधे पाढेही मागें पडले. दुकानांत अंकांची कळ चुकीची दाबली जाऊन दहापट बेरीज आली तरी पुष्कळांस ती खटकत नाहीं. औटकी गेल्याचें दुःख नको. तिच्याबरोबर अदमास गेला त्याचें वाटावें.

आतां चौथी. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं ‘चॅटजीपीटी’ हें यंत्र लोकांस खुलें झालें आणि त्याच्या पाठोपाठ त्याचे अनेक भाऊबंद आले. अफाट मजकूर वाचवून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणें संभवनीय आहे हें या यंत्रांस शिकविलेलें असतें. त्यामुळें वाक्य सफाईदार येतें. तें खरें असेलच असें नाहीं. मराठी मजकूर इंग्रजीच्या मानानें जगांत थोडा, म्हणून मराठींत चूक होण्याचा संभव अधिक, आणि ज्यानें विषय शिकलाच नाहीं त्यास ती चूक ओळखूं येणार नाहीं. किल्लीशीं तुलना केली तर दोन भेद दिसतात. किल्लीचें उत्तर सर्वांस एकच, म्हणून शिक्षक तें ओळखी. यंत्राचें उत्तर दर वेळीं शब्दांनीं नवें. आणि किल्लीस उलट प्रश्न विचारतां येत नसे, यंत्रास येतो.

हा दुसरा भेद आशेचा आहे, आणि त्यास प्रयोगाचा आधार आहे. २०२३ सालीं तुर्कस्थानांतील एका माध्यमिक शाळेंत सुमारें एक हजार विद्यार्थ्यांवर गणितांत अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनीं प्रयोग केला. एका गटास साधें यंत्र दिलें; त्यांचे सरावाचे गुण ४८ टक्क्यांनीं वाढले. दुसऱ्या गटास उत्तर न देतां केवळ इशारे देणारें यंत्र दिलें. त्यांचे गुण १२७ टक्क्यांनीं वाढले. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली. साध्या यंत्राचा गट, ज्यांस यंत्र कधीं मिळालेंच नव्हतें त्यांच्यापेक्षां १७ टक्क्यांनीं मागें पडला. इशाऱ्यांच्या गटाचें असें नुकसान झालें नाहीं. अधिक बोधप्रद गोष्ट ही कीं, आपण कमी शिकलों याची मागें पडलेल्यांस जाणीव नव्हती. यंत्र एकच, एकांत दाणा गेला, दुसऱ्यांत राहिला.

तेव्हां सायखेड्यासारख्या गांवीं हें यंत्र नकोच, असें आम्ही म्हणत नाहीं. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणींत ग्रामीण भागांतील चौदा ते सोळा वर्षांच्या सुमारें नव्वद टक्के मुलांच्या घरीं स्मार्टफोन आढळला, बंदी घालूं म्हणणारानें हा आंकडा आधीं पाहावा. शिवाय ज्या मुलाचे आईबाप दिवसभर द्राक्षाच्या बागेंत किंवा कांद्याच्या खळ्यावर असतात, ज्यास शहरांतल्या शिकवणीचे पैसे परवडत नाहींत, त्यास रात्रीं दहा वाजतां न रागावतां तीच शंका सातदां समजावणारा गुरु प्रथमच मिळतो आहे. नाशिकास १९८९ सालीं मुक्त विद्यापीठ निघालें तें अशाच लोकांस विद्येचें दार उघडावें म्हणून. दार उघडणारीं साधनें या भूमीस अपरिचित नाहींत. तथापि ज्याच्याजवळ विद्येवांचून दुसरें भांडवल नाहीं, त्याचाच दाणा गेला तर त्याचें नुकसान सर्वांहून अधिक होतें, हेंही विसरतां येत नाहीं.

मित्राच्या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. निबंध हा मुलाकडून हवा म्हणून लिहविलेला नसतो. पुराचे निबंध जगांत पुष्कळ आहेत. जें पाहिलें त्यास शब्द शोधतांना मुलास आपण काय पाहिलें हें कळूं लागतें, एवढ्याकरितां तो असतो. तें शोधणें हाच दाणा. निबंध चांगले आले. मुलांचा पूर गेला.

मित्रानें वह्यांवर शेरा मारिला नाहीं व कोणास शिक्षाही केली नाहीं. त्यानें दुसऱ्या दिवशीं वह्या बंद करविल्या आणि एकेकास उभें करून विचारिलें, “तुमच्या घरीं पाणी कोठवर आलें होतें?” प्रथम कोणी बोलेना. मग एक मुलगी म्हणाली, “देव्हाऱ्याच्या खालच्या फळीपर्यंत. आजीनें देव कमरेला बांधले होते.” मग दुसरा बोलला, मग तिसरा, तास संपल्याची घंटा झाली तरी मुलें बसेनात. नंतर त्यानें तोच निबंध वर्गांतच लिहावयास सांगितला. अक्षर वांकडें आलें, ऱ्हस्वदीर्घ चुकलें, आणि त्यांतील चुका यंत्रास विचारून दुरुस्त करण्याची मोकळीक त्यानें मागाहून दिली. पंतोजीच्या ओसरीवरची छडी आणि घोकंपट्टी गेली तें बरेंच झालें; मुलानें उभें राहून आपलें म्हणणें सांगावें व सर्वांनीं तें ऐकावें, एवढी तिची रीत मात्र पुन्हां आणण्याची वेळ आली आहे, असें आम्हांस वाटतें.