साखळ्या कोणीं काढल्या?

पॅरिसमधील साल्पेत्रिएर रुग्णालयांत मनोरुग्ण स्त्रियांच्या साखळ्या काढल्या जात असून डॉक्टर फिलिप पिनेल शेजारीं उभे आहेत, असें एक चित्र तोनी रोबेर-फ्लरी या चित्रकारानें १८७६ सालीं रंगविलें. मनोरुग्णांचे मुक्तिदाते म्हणजे पिनेल, ही समजूत त्या चित्रानें अधिकच दृढ केली. इतिहास मात्र आणखी एका नांवाकडे बोट दाखवितो. तें नांव झाँ-बातिस्त प्युसँ यांचें.

प्युसँ हे वैद्य नव्हते. कातडीं कमावणें हा त्यांचा धंदा. गंडमाळेच्या दुखण्यानें ते पॅरिसजवळील बिसेत्र रुग्णालयांत दाखल झाले, बरे झाले आणि तेथेंच नोकरीस राहिले. १७८५ च्या सुमारास तेथील मनोरुग्णांचा विभाग त्यांच्या हातीं आला. अशा रुग्णांस साखळदंडांनीं जखडून ठेवणें हीच त्या काळची रीत होती. प्युसँ यांनीं नियम घातला, कीं रुग्णानें हात उगारला तरी सेवकानें त्यास मारतां कामा नये. सेवक निवडतांनाही बरे झालेले रुग्णच त्यांनीं पुष्कळदां जवळ केले.

१७९३ सालीं पिनेल बिसेत्र येथें आले. विद्वत्तेचा ताठा बाजूस ठेवून त्यांनीं या अनुभवी माणसाजवळ निरीक्षणाचे धडे घेतले. प्युसँ यांच्या पत्नीचें कौशल्यही त्यांनीं नमूद केलें आहे. एक रुग्ण अन्नास शिवेना. उलट अपशब्द बोले. बाईंनीं वाद घातला नाहीं. क्षणभर त्याच्या भ्रमास होकार दिला, त्याच्यापुढें नाचून-बागडून विनोद केले. तो हसला, आणि तीच संधि साधून त्यांनीं त्यास जेवूं घातलें.

१७९५ सालीं पिनेल साल्पेत्रिएरला गेले. बिसेत्रमधील साखळ्या निघाल्या त्या त्यानंतर, १७९७ सालीं. आणि त्या काढल्या प्युसँ यांनीं. अनावर रुग्णांसाठीं हात आवळणारा कापडी अंगरखा मात्र राहिलाच. सुधारणा झाली ती अशी पायरीपायरीनें. १८०२ सालीं पिनेल यांनीं प्युसँ यांस आपल्याकडे बोलावून घेतलें.

मनोरुग्णांच्या सेवेचें शास्त्र पुढें पुष्कळ वाढलें. परंतु रुग्णाजवळ राहून, त्याचें ऐकून शिकावें लागतें, हें एका नामांकित डॉक्टरानें एका कातडीं कमावणाऱ्याकडून जाणून घेतलें आणि आपल्या ग्रंथांत कबूलही केलें. चित्रांत न मावलेला पिनेल यांचा मोठेपणा तो हाच.